लिंक एक्सचेंज केल्याने गुगलवर साइट वर येते का? सारखे मेल येतायत, काय करावं?

केवडा_गुहागर :

नमस्कार मंडळी. गुहागरला माझ्या सासूसासऱ्यांचं छोटंसं होमस्टे आहे. चार खोल्या, मागे नारळी-पोफळीची वाडी, समुद्र चालत पाच मिनिटं. मी आणि नवरा पुण्यात असतो, वेबसाइटचं सगळं मीच बघते. वर्डप्रेसवर आहे, निम्मी पानं मराठीत, निम्मी इंग्रजीत. बुकिंगच्या मोठ्या साइट्सचं कमिशन आता परवडत नाही म्हणून ठरवलंय की लोकांनी थेट आपल्याकडे यावं, पण त्यासाठी 'गुहागर होमस्टे' टाकल्यावर आपण दिसायला तर पाहिजे ना, सध्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर कुठेतरी असतो.

आता प्रश्न. साइटच्या मेलवर लिंक एक्सचेंजचे मेल सारखे येतात. एक प्रकार म्हणजे तुमच्या साइटवर पार्टनर पेज बनवा, त्यात आमची लिंक टाका, आम्ही आमच्याकडे तुमची टाकतो. दुसऱ्या प्रकारात ते म्हणतात की तुम्ही आमच्या एका क्लायंटला लिंक द्या आणि आम्ही तुम्हाला भलत्याच तिसऱ्या साइटवरून लिंक देऊ, म्हणजे देवाणघेवाण गुगलच्या लक्षात येत नाही. आणि तिसरे सरळ पैसेच मागतात, डीए (डोमेन ऑथॉरिटी, साइटच्या वजनाचा एक आकडा) पन्नासच्या वर असलेल्या साइटवर लिंक हवी तर अमुक इतके.

माझ्या नणंदेचा मुलगा म्हणतो की सगळेच करतात, नाही केलंस तर मागे पडशील. एका ठिकाणी वाचलं की गुगल दंड लावतं आणि साइटच गायब होते. नक्की खरं काय?

आणि अजून एक. माझी एक मैत्रीण कोकम आगळ, आमसुलं, फणसपोळी विकते, तिची स्वतःची साइट आहे. दापोलीकडे ओळखीतल्या एकांचं होमस्टे आहे, आमच्याकडचे पाहुणे बऱ्याचदा पुढे तिकडेच जातात. आम्ही तिघांनी एकमेकांच्या लिंक द्यायचं ठरवलं होतं, पण हे सगळं वाचून आता भीती वाटायला लागलीय. हेही लिंक एक्सचेंजच झालं ना?

---

शोधकर_पुणे :

ताई, मी सर्चचंच काम करतो, जरा सविस्तर लिहितो, कारण ह्या विषयावर अर्धवट माहिती फार फिरते.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही तिघांनी एकमेकांना लिंक द्या, बिनधास्त द्या. का ते खाली येईलच.

लिंकला किंमत का आली ते बघा. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना त्यांनी पेजरँक ही वेबपानांचं वजन ठरवायची पद्धत मांडली. कल्पना शोधनिबंधांवरून घेतलेली, ज्या निबंधाचा दाखला बाकीचे लोक जास्त देतात तो महत्त्वाचा, आणि दाखला देणारा स्वतः वजनदार असेल तर त्या दाखल्याला जास्त वजन. वेबवर दाखला म्हणजे लिंक. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, पण पुढचा भाग कोणी सांगत नाही. मूळ गणितात एखाद्या पानाकडे जेवढं वजन आहे ते त्या पानावरच्या सगळ्या लिंकमध्ये वाटलं जातं. दोन लिंक असतील तर अर्धं अर्धं, ऐंशी लिंक असतील तर प्रत्येकीला ऐंशीवा हिस्सा, आणि तोही पूर्ण नाही, ०.८५ ने गुणून. आता तुम्हाला मेल करणाऱ्यांचं पार्टनर पेज डोळ्यासमोर आणा. फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळाशी, कोपऱ्यात एक लिंक, ती दाबली की शंभर साइट्सची यादी, त्या पानाला बाहेरून कोणीच लिंक दिलेली नाही. म्हणजे मुळात त्या पानाकडेच काही नाही, आणि त्या काहीच नसलेल्यातला शंभरावा हिस्सा तुम्हाला मिळणार. गुगलने कसलाही दंड लावला नाही असं धरून चाललं तरी हिशोबाने हातात काही पडत नाही.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. पेजरँकवरच्या त्यांच्या १९९८ च्याच अहवालात एक उदाहरण आहे. दोन पानं फक्त एकमेकांना लिंक देतात, बाहेर कोणालाच देत नाहीत, आणि बाहेरून कोणीतरी त्यातल्या एकाला लिंक दिली, तर काय होईल? वजन आत येत राहील, बाहेर पडणार नाही, त्या दोघांतच फिरून साठत जाईल. त्यांनी त्याला रँक सिंक असं नाव दिलं आणि तोड म्हणून गणितात असं घातलं की वाचणारा माणूस लिंक दाबत दाबत जाताना मधेच कंटाळतो आणि कुठल्यातरी वेगळ्याच पानावर उडी मारतो. म्हणजे बघा, आपापसात लिंक देऊन वजन वाढवण्याचा प्रकार गुगल नावाची कंपनी स्थापन व्हायच्या आधीपासून त्यांना माहीत होता. तेव्हा 'गुगलच्या लक्षात येत नाही' असं कोणी मेलमध्ये लिहिलं की मला आश्चर्य वाटतं.

मग हा धंदा वाढला कसा? २००० च्या डिसेंबरमध्ये गुगलचा टूलबार आला, त्यात पेजरँकची शून्य ते दहा अशी हिरवी पट्टी दिसायची. प्रत्येकाला आपल्या पानाचा आकडा दिसायला लागला, आकडा दिसला की भाव ठरतो, आणि लिंकचा बाजार सुरू झाला. आपापसात लिंक देणारी सॉफ्टवेअर्स निघाली, लिंक फार्म, म्हणजे फक्त लिंक द्यायला उभ्या केलेल्या साइट्स, निघाले. ती पट्टी गुगलने २०१६ ला कायमची बंद केली. आज तुम्हाला जो डीए सांगतात तो मोझ नावाच्या कंपनीचा स्वतःचा अंदाज आहे, डीआर हा तसाच एचरेफ्स ह्या कंपनीचा. ह्या दोन्हींपैकी एकही आकडा गुगल वापरत नाही. 'डीए पन्नास' म्हणून पैसे मागणारा माणूस गुगलचं काहीच विकत नसतो.

२००५ च्या शेवटी जॅगर नावाने ओळखला गेलेला गुगलच्या गणितातला बदल आला, त्यात एकमेकांना दिलेल्या लिंक आणि लिंक फार्मना मोठा फटका बसला. मग २४ एप्रिल २०१२ ला पेंग्विन नावाचा बदल. गुगलने तेव्हा सांगितलं होतं की इंग्रजीतल्या साधारण ३.१ टक्के शोधांवर परिणाम होईल. ऐकायला कमी वाटतं, पण ज्यांचा धंदा त्या ३.१ मध्ये होता त्यांचं काय झालं असेल विचार करा. पुढे २०१६ च्या सप्टेंबरमध्ये पेंग्विन मूळ सिस्टीममध्येच घातला आणि पद्धत बदलली, साइटला खाली ढकलण्यापेक्षा त्या खोट्या लिंकचं वजनच धरायचं नाही अशी. २०२२ च्या डिसेंबरपासून स्पॅमब्रेन नावाची त्यांची एआय सिस्टीम लिंक विकत घेणाऱ्या साइट्स आणि लिंक द्यायलाच उभ्या केलेल्या साइट्स, दोन्ही ओळखते.

म्हणून 'साइट गायब होईल का' ह्याचं उत्तर असं की बहुतेक वेळा काहीही होत नाही. लिंक मोजलीच जात नाही, वर जात नाही, खालीही जात नाही, तुमचा वेळ आणि पैसे मात्र जातात. दंडही असतो, पण तो वेगळा प्रकार आहे, त्यात गुगलचा माणूस स्वतः साइट बघून मॅन्युअल ॲक्शन लावतो.

गुगलच्या स्पॅम धोरणात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, 'तू मला लिंक दे मी तुला देतो' अशी अति देवाणघेवाण, किंवा फक्त एकमेकांना लिंक द्यायची म्हणून बनवलेली पार्टनर पेजेस. ह्यात 'अति' आणि 'फक्त' हे दोन शब्द नीट वाचा. तुमचा पाहुणा गुहागरहून दापोलीला जातो आणि तुम्ही त्याला तिथल्या राहायच्या जागेची लिंक देता, ह्यात अति काय आणि फक्त काय?

---

धडपड्या :

माझा अनुभव थोडा वेगळा आहे म्हणून लिहितो. मी ट्रेकिंगच्या सॅक आणि रेनकव्हर शिवून विकतो, छोटं वर्कशॉप आहे, साइट आहे. मी लिंक एक्सचेंज केलं आणि रँकिंग वाढलं. सात-आठ ट्रेकिंग ग्रुपांशी बोललो, त्यांनी त्यांच्या साइटवर माझी लिंक टाकली, मी माझ्याकडे त्यांची. सहा महिन्यात 'ट्रेकिंग सॅक पुणे'ला पहिल्या पानावर आलो. त्यामुळे हे काहीच उपयोगाचं नाही असं मी तरी म्हणणार नाही. पुस्तकी बोलणं वेगळं आणि करून बघणं वेगळं.

---

शोधकर_पुणे :

धडपड्या, तुम्ही म्हणताय ते मला पूर्ण पटतं आणि तुमच्या उदाहरणाने माझंच म्हणणं पुढे जातं. तुमच्या सॅक ते ग्रुप वापरतात ना? त्यांच्या पानावर ट्रेकला काय काय आणायचं त्याची यादी असते, त्या यादीत तुमची लिंक. ती वाचून लोक खरंच तुमच्याकडे येतात. बदल्यात तुम्हीही लिंक दिली हे गुगलला दिसतं, पण त्यात वावगं काही नाही, एका विषयातल्या साइट्स एकमेकांकडे बोट दाखवणारच. तुम्ही जर तेच एक्सचेंज एखाद्या दातांच्या दवाखान्याशी, पॅकर्स-मूव्हर्सशी आणि लोन देणाऱ्या साइटशी केलं असतं तर?

आणि एक विचारतो, रागावू नका. त्या सहा महिन्यांत साइटवर दुसरं काही बदललं होतं का?

---

धडपड्या :

हो, बदललं होतं. प्रत्येक सॅकचं वेगळं पान केलं, आधी सगळ्या एकाच पानावर होत्या. मापं टाकली, शिवताना काढलेले फोटो टाकले, पावसात कापड किती टिकतं ते लिहिलं. त्यातला नक्की कशाचा किती वाटा ते मी सांगू शकणार नाही हे मान्य.

---

खारूताई :

इथेच खरी गोम आहे. 'आमच्या स्पर्धकाच्या साइटला एवढ्या बॅकलिंक (बाहेरून आलेल्या लिंक) आहेत आणि तो पहिला आहे, म्हणजे लिंकमुळेच पहिला आहे' असं लोक धरून चालतात. त्या लिंकमधल्या किती गुगल मोजतं ते बाहेरून कोणालाच दिसत नाही, कुठल्याच टूलला नाही. तो पहिला असण्याचं कारण त्याची वीस वर्षं जुनी साइट असू शकतं, नावाने शोधणारे लोक असू शकतात, काहीही असू शकतं. लोक मात्र त्याच्या लिंकची यादी काढतात आणि त्यातला कचराही प्रामाणिकपणे कॉपी करतात.

दंडाचं म्हणाल तर मोठ्या नावांनाही सोडलेलं नाही. रॅप जीनियस नावाची गाण्यांच्या शब्दांची अमेरिकन साइट होती, आता तिचं नाव जीनियस आहे. २०१३ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी ब्लॉगवाल्यांना सांगितलं की जस्टिन बीबरच्या गाण्यांच्या आमच्या पानांच्या लिंक तुमच्या पोस्टखाली टाका, आम्ही तुमची पोस्ट ट्विट करू. पैसे नाहीत, लिंकच्या बदल्यात लिंकही नाही, लिंकच्या बदल्यात ट्विट. एका ब्लॉगवाल्याने तो मेल उघड केला आणि नाताळच्या दिवशी साइट खाली गेली, इतकी की तिचंच नाव टाकलं तरी होमपेज पहिल्या पानावर येईना. मग त्यांनी बसून लिंक काढायला लावल्या, तेव्हा कुठे दहाएक दिवसांनी परत आले. त्यांच्याकडे माणसं होती, पैसा होता, गुगलशी बोलायची सोय होती. आपल्यासारख्याला ते दहा दिवसात जमणार नाही.

म्हणून केवडाताई, ती तिसऱ्या साइटवरून लिंक द्यायची युक्तीही तशीच समजा. अ ने ब ला, ब ने क ला, क ने अ ला. तुम्हाला एकटीला वाटतं की हे कोणाला दिसणार, पण तोच माणूस त्याच दहा-पंधरा साइट्स घेऊन शेकडो लोकांशी हाच व्यवहार करत असतो. गुगलकडे सगळ्या वेबचा नकाशा आहे, त्यात तेच तेच त्रिकोण सारखे दिसतात. आणि दिलेल्या लिंकांकडे बघूनच कळतं की ही साइट कशासाठी उभी केलीय.

---

जुनी_वही :

सर्चमधलं मला फार कळत नाही, पण एकमेकांना लिंक देण्याबद्दल लिहावंसं वाटलं, कारण मराठी ब्लॉगांचा तो काळ मी जवळून बघितलाय.

२००६-०७ पासून पुढची काही वर्षं ब्लॉगस्पॉट, वर्डप्रेसवर मराठीत लिहिणारे बरेच झाले होते. युनिकोड फॉन्टचा त्रास बऱ्यापैकी मिटला होता, मायबोली, मनोगत, मिसळपाव ह्या साइटवर ओळखी व्हायच्या आणि मग लोक आपापला ब्लॉग काढायचे. प्रत्येकाच्या उजव्या बाजूला एक यादी असायची, 'मी वाचतो ते ब्लॉग'. मी तुमचं नाव टाकलं की चार दिवसांनी तुम्ही माझं टाकायचात. आजच्या भाषेत ते लिंक एक्सचेंजच, पण कोणाच्या डोक्यात रँकिंग नव्हतं. त्या यादीवरून मी कितीतरी चांगल्या लोकांपर्यंत पोचलो. एखाद्याच्या पाककृतीच्या ब्लॉगवरून एखाद्याच्या किल्ल्यांच्या ब्लॉगवर, तिथून भाषेवर लिहिणाऱ्या कोणाकडे, रात्रीचा एक कधी वाजायचा कळायचं नाही. मराठी ब्लॉगांच्या नव्या पोस्ट एका जागी दाखवणाऱ्या साइट्सही होत्या, तिथून वाचक यायचे.

मग फेसबुक आलं, २०१३ ला गुगल रीडर, म्हणजे सगळ्या ब्लॉगांच्या नव्या पोस्ट एका जागी वाचायची सोय, बंद झालं आणि त्या याद्या तशाच पडून राहिल्या. आजही जुन्या ब्लॉगांवर त्या दिसतात, निम्म्या लिंक मेलेल्या, आणि काही डोमेन दुसऱ्याच कोणीतरी घेऊन त्यावर जुगाराच्या जाहिराती टाकलेल्या. हे बघून वाईट वाटतं. म्हणून ज्यांच्याकडे असे जुने ब्लॉग असतील त्यांना विनंती, एकदा ती यादी तपासा. आपल्या भरवशावर कोणी वाचक ती लिंक दाबतो.

एक माहिती आहे ती देतो. तेव्हा कमेंटमध्ये लिंक टाकून जाणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता, त्यावर २००५ च्या जानेवारीत गुगल, याहू आणि एमएसएन तिघांनी मिळून नोफॉलो आणलं, म्हणजे ही लिंक रँकिंगसाठी धरू नका असं सांगणारी खूण. वर्डप्रेसच्या कमेंटमधल्या लिंकांना ते आपोआप लागतं. त्यामुळे 'छान लेख, माझीही साइट बघा' म्हणून कमेंटमध्ये लिंक टाकणाऱ्यांना रँकिंगचा काही फायदा होत नाही. तरी लोक टाकतात अजून.

---

केवडा_गुहागर :

सगळ्यांचे खूप आभार, एवढं नीट कोणी समजावलं नव्हतं.

काल रात्री बसून आलेल्या मेलपैकी एकाची साइट नीट उघडून बघितली. नाव अगदी प्रवासाच्या ब्लॉगसारखं, वरचा फोटो छान. पण मेनू बघितला तर ट्रॅव्हल, फायनान्स, कॅसिनो, हेअर ट्रान्सप्लांट, पाळीव प्राणी, क्रिप्टो. कोकणच्या समुद्रकिनाऱ्यांवर एक लेख होता त्यात गुहागरच्या नावाखाली पाण्यावरच्या झोपड्यांचा फोटो, तसं काही आमच्याकडे नाहीच. आणि मग लक्षात आलं की प्रत्येक लेखात बाहेरच्या दोनच लिंक आहेत, साधारण त्याच जागी, तिसऱ्या परिच्छेदात एक आणि शेवटाकडे एक, आणि त्यांचा मजकुराशी काही संबंध नाही. किनाऱ्यांच्या लेखात मधेच 'बेस्ट पर्सनल लोन' निळ्या अक्षरात. लिहिणाऱ्याचं नाव सगळीकडे 'ॲडमिन'.

आता दोन शंका. सर्च कन्सोलमध्ये (गुगलचं साइटमालकांसाठीचं फुकट टूल) लिंक्समध्ये गेले तर आमच्या साइटला ज्या लिंक देतायत त्यांत कितीतरी विचित्र नावाच्या साइट्स आहेत, मी त्यांच्याशी कधीच बोललेले नाही. त्यामुळे नुकसान होईल का? डिसअव्हाऊ करायचं असतं, म्हणजे ह्या लिंक आमच्या धरू नका असं गुगलला कळवायचं, असं वाचलं.

आणि समजा कोणाला लिंकच्या बदल्यात फुकट राहायला दिलं, एखादा यूट्यूबवाला किंवा ब्लॉग लिहिणारा, तर ते चालतं का? तसंही विचारणारे फार असतात.

---

खारूताई :

पहिल्या शंकेचं : हात लावू नका. प्रत्येक साइटला असल्या लिंक येतात, कोणीतरी आपोआप याद्या बनवत असतं. गुगल त्या सोडून देतं. डिसअव्हाऊ २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये पेंग्विनच्या गडबडीत आलं, आणि गुगल स्वतः सांगतं की बहुतेक साइट्सना त्याची गरज पडत नाही. मॅन्युअल ॲक्शन आली असेल, किंवा तुम्ही स्वतः लिंक विकत घेतल्या आहेत आणि ती येणार असं वाटतंय, तरच. नाहीतर चुकून चांगल्या साइट्स यादीत टाकून बसाल.

मॅन्युअल ॲक्शन आलीय का ते सर्च कन्सोलमध्येच डाव्या बाजूला सिक्युरिटी आणि मॅन्युअल ॲक्शनखाली दिसतं. तिथे हिरवी खूण असेल तर शांत झोपा.

मॅन्युअल ॲक्शन आल्यावर काय होतं ते मी जवळून बघितलंय. आमच्या ओळखीत एका बाईंचा पैठणीचा व्यवसाय आहे. त्यांनी एका एजन्सीला काम दिलं होतं, महिन्याला ठरावीक लिंक असा करार. एजन्सीने काय केलं ते बाईंना कधी सांगितलंच नाही, दर महिन्याला फक्त एक एक्सेल शीट यायची. ॲक्शन आली तेव्हा नावाने शोधलं तरी साइट सापडेना आणि ऐन लग्नसराईत ऑर्डरी थांबल्या. मग ती सगळी एक्सेल शीटं उघडून एकेका साइटला मेल करून लिंक काढा म्हणून विनवण्या. काहींनी उत्तरच दिलं नाही, काहींनी लिंक काढायचे पैसे मागितले! उरलेल्या डिसअव्हाऊमध्ये टाकल्या, काय काय केलं त्याची सगळी नोंद जोडून गुगलला पुन्हा तपासायची विनंती पाठवली. एकदा नाकारली गेली, दुसऱ्या वेळेला मान्य झाली. पण आधीची जागा परत मिळाली नाही, कारण ती जागाच मुळात त्या लिंकांवर उभी होती. म्हणून कोणालाही काम देताना पहिला प्रश्न हा विचारा की लिंक कुठून आणणार आणि कशाच्या बदल्यात. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे जाऊ नका.

दुसऱ्या शंकेचं : फुकट राहायला देणं हा मोबदलाच झाला, पैसे दिले काय आणि खोली दिली काय. राहायला द्या, लिहू द्या, पण त्या लिंकला स्पॉन्सर्ड असं लावायला सांगा, नाहीतर नोफॉलो. स्पॉन्सर्ड हे २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आलं. लिंकच्या टॅगमध्ये एक शब्द टाकायचा असतो, ब्लॉग लिहिणाऱ्याला माहीत असतं. लिंकला वजन मिळणार नाही, पण वाचून लोक येतील की, आणि तुम्हाला लोकच हवेत. 'स्पॉन्सर्ड लावणार नाही' म्हणून अडून बसणाऱ्याला खोली देऊ नका.

---

हर्णैकर :

मी दापोली तालुक्यातला. पर्यटनाचाच व्यवसाय आहे म्हणून वेगळ्या बाजूने सांगतो, एसइओ (सर्चमध्ये साइट वर आणायचं काम) मी शिकलेलो नाही.

ताई, 'गुहागर होमस्टे' टाकल्यावर सगळ्यात वर काय येतं बघा. नकाशा आणि त्याबरोबर काही नावं. पाहुणा आधी तिथे बघतो. ती जागा गुगलच्या बिझनेस प्रोफाइलवरून ठरते, आणि गुगल स्वतः सांगतं की तिथे तीन गोष्टी बघतात, शोधलेल्याशी तुम्ही किती जुळता, अंतर, आणि तुमचं नाव किती आहे. पैसे देऊन तिथे वर जाता येत नाही. नाव किती आहे ह्यात रिव्ह्यूही धरले जातात. सासूबाईंना सांगा, पाहुणे निघताना एकदा आठवण करायची, आणि आलेल्या प्रत्येक रिव्ह्यूला उत्तर द्यायचं. आमच्याकडे वाईट रिव्ह्यूला नीट उत्तर दिलं ते वाचून लोक आले आहेत. फोन नंबर, पत्ता, नाव सगळीकडे एकसारखं ठेवा, साइटवर एक आणि नकाशावर दुसरंच असं नको.

आता लिंकबद्दल. मागून मिळणाऱ्या लिंकपेक्षा लोक आपणहून देतात ती लिंक मोठी, आणि ती कशाला मिळते? ज्या पानाचा उपयोग होतो त्याला. आमच्या भागात फेरीबोटीशिवाय किनाऱ्याने प्रवास होत नाही. वेसवी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. पुण्या-मुंबईचा माणूस कायम विचारतो की गाडी बोटीत जाते का, शेवटची फेरी कधी, पावसात चालू असते का, रांग किती. गुहागरहून गणपतीपुळ्याला जायचं तर तवसाळला कसं पोचायचं, वाटेत वेळणेश्वर आणि हेदवीचा गणपती कसा बसवायचा. हे सगळं एका पानावर नीट मराठीत लिहिलंत, वेळा बदलल्या की बदललात, वर तारीख टाकलीत, तर व्हॉट्सॲप ग्रुपवर ते पान फिरेल, प्रवासावर लिहिणारे त्याची लिंक देतील. तुम्ही तिथल्या आहात, तुम्हाला फोन करून विचारता येतं. त्या हेअर ट्रान्सप्लांटवाल्या साइटला हे लिहिताच येणार नाही.

तसंच चिपळूणला रेल्वेने उतरल्यावर पुढे गुहागरला यायचं कसं, एसटी कुठून, रिक्षा येते का. आम्हाला ह्याचेच फोन जास्त येतात. जे फोनवर रोज सांगता तेच लिहा.

राज्य सरकारच्या पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी असेल तर तिथे तुमचं नाव-पत्ता बरोबर आहे ना तेही एकदा बघून घ्या.

---

केवडा_गुहागर :

फेरीबोटीचं पान आजच लिहायला घेते, सासऱ्यांना वेळा पाठ आहेत. मेल सगळे डिलीट केले.

फक्त शेवटचं एक विचारते, मैत्रिणीची आणि दापोलीच्या होमस्टेची लिंक टाकताना ती कुठे टाकू? फूटरमध्ये सगळ्या पानांवर यावी अशी टाकू की वेगळं पान करू? आणि निळ्या अक्षरात लिहू काय? मैत्रीण म्हणते 'कोकणातील सर्वोत्तम कोकम आगळ' असं लिही.

---

शोधकर_पुणे :

फूटरमध्ये नको, सगळ्या पानांवर तर अजिबात नको, आणि वेगळं पार्टनर पेजही नको. जिथे पाहुण्याला लागेल तिथे टाका. जेवणाच्या पानावर सोलकढीबद्दल लिहिलं असेलच, तिथे एक ओळ, आमच्याकडे आगळ अमुककडून येतं, घरी न्यायचं असेल तर इथे मिळेल. खरंच तिच्याकडून घेत असाल तरच लिहा. दापोलीची लिंक फेरीबोटीच्या पानावर, धोपाव्याहून दाभोळला उतरलात आणि पुढे दापोलीत मुक्काम करायचा असेल तर, असं.

निळ्या अक्षरात तिच्या व्यवसायाचं नाव. 'कोकणातील सर्वोत्तम' वगैरे नको, मनापासून शिफारस करणारा माणूस असं लिहीत नाही, नाव घेतो. तिने तुमची लिंक देतानाही तसंच, होमस्टेचं नाव किंवा 'गुहागरला आम्ही इथे राहतो' असं साधं. आणि दोघींनी एकाच दिवशी, सारखाच मजकूर टाकायची गरज नाही, जिला जेव्हा योग्य जागा मिळेल तेव्हा.

मराठी पानावरून तिच्या मराठी पानाला लिंक द्या, इंग्रजीवरून इंग्रजीला, तिच्याकडे मराठी नसेल तर आहे त्या पानाला चालेल. नोफॉलो, स्पॉन्सर्ड काही लावायचं नाही, ह्यात पैसे नाहीत. उद्या तिने तुमच्या लिंकवरून आलेल्या प्रत्येक ऑर्डरमागे कमिशन द्यायचं ठरवलं तर मात्र स्पॉन्सर्ड लावा.

फेरीबोटीचं पान झालं की लिंक इथे टाका, मे महिन्यात आम्ही त्याच वाटेने जाणार आहोत.